टेक्सासमधील सर्वश्रेष्ठ शालेय फुटबॉल संघ कोणता? शंभर वर्षांचा वाद आणि त्यातून गळालेले पान

१/
डिसेंबर १९८५. डॅलसनजीक अर्विंग येथील टेक्सास स्टेडियम. राज्यातील शालेय फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटाचा अंतिम सामना. एका बाजूला ओडेसा गावचे पर्मियन हायस्कूल. आदल्या वर्षीचे संयुक्त विजेते, राज्यभर ज्याचा दरारा होता असे नाव. दुसऱ्या बाजूला ह्यूस्टन शहरातील जॅक येट्स हायस्कूल. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते : येट्स ३७, पर्मियन ०.

२/
अमेरिकेतील शालेय फुटबॉलविषयी ज्याने थोडेफार वाचले वा पाहिले आहे, त्याला पर्मियन हे नाव बहुधा ठाऊक असते. येट्सचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते. असे का व्हावे? 'टेक्सासमधील सर्वश्रेष्ठ शाळा कोणती' हा वाद तेथे गेली शंभर वर्षे चालू आहे. त्या वादाचाच इतिहास नीट पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर हाती लागते. मित्रहो, आजचा धागा त्यासाठी.

३/
प्रथम काही खुलासे. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल : लंबगोल चेंडू, प्रत्येकी अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान आणि एका टचडाउनला सहा गुण. टेक्सास आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे राज्य. तेथे शुक्रवारची रात्र शालेय सामन्याची. गावातील दुकाने लवकर बंद होतात, शाळेचे बँडपथक वाजू लागते आणि आजोबांपासून नातवापर्यंत सारे स्टेडियमवर जातात. 'आमच्या गावची शाळा' म्हणजे पुष्कळदा गावाची ओळखच.

४/
गंमत अशी की या साऱ्याचा उगम खेळात नसून वक्तृत्वात आहे. टेक्सास विद्यापीठाने १९१० च्या सुमारास राज्यातील शाळांसाठी वादविवाद संघटना स्थापन केली. पुढे ती शालेय क्रीडा संघटनेत विलीन झाली आणि 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग', म्हणजे यूआयएल, आकाराला आली. आजही शालेय संगीत, नाट्य, वादविवाद आणि क्रीडा या सर्व स्पर्धा तीच चालवते. ज्या संस्थेचा जन्मच वादविवादातून झाला, तिने राज्याला सर्वांत दीर्घ वादाचा विषय द्यावा, हे साजेसेच झाले.

५/
यूआयएलचे पहिले राज्य विजेतेपद १९२० च्या हंगामाचे. अंतिम सामना क्लीबर्न आणि ह्यूस्टन हाइट्स या शाळांमध्ये झाला आणि ०-० असा बरोबरीत सुटला. दोघांनाही संयुक्त विजेते ठरवण्यात आले. 'श्रेष्ठ कोण' या प्रश्नाला मिळालेले पहिले अधिकृत उत्तर हे असे होते : ठरवता आले नाही!

६/
पहिली खरी सत्ता वेको शहराची. प्रशिक्षक पॉल टायसन यांच्या वेको हायस्कूलने १९२२ ते १९२७ या सहाही वर्षी अंतिम सामना गाठला आणि १९२२, १९२५, १९२६, १९२७ अशी चार विजेतेपदे मिळवली. १९२७ च्या संघाने हंगामात ७८४ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना अवघे ३३ दिले. त्याच डिसेंबरात ओहायो राज्यातील क्लीव्हलंडच्या कॅथीड्रल लॅटिन या नामांकित शाळेलाही त्यांनी ४४-१२ असे नमवले. जुन्या पिढीतील जाणकार आजही वेकोचे नाव प्रथम घेतात.

७/
त्यांचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत राज्याचा अंतिम सामना एकाच, मोठ्या शाळांच्या, गटात होत असे. वर्षाला विजेता एक. पुढे विद्यार्थिसंख्येनुसार गट वाढत गेले, मग गटांचेही विभाग झाले. आज टेक्सासमध्ये दरवर्षी फुटबॉलचे बारा राज्य-विजेते असतात. म्हणजे १९२७ चे एक विजेतेपद आणि आजचे एक विजेतेपद ही एकाच वजनाची नाणी नव्हेत. नुसती मोजदाद करणारा येथेच फसतो.

८/
दुसरे माप : सलग विजय. प्रशिक्षक चक मोझर यांच्या अबिलीन हायस्कूलने १९५४, १९५५, १९५६ अशी ओळीने तीन विजेतेपदे जिंकली. १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी सलग ४९ सामने जिंकले, आणि तेही राज्यातील सर्वांत मोठ्या शाळांच्या गटात. पश्चिम टेक्सासच्या रूक्ष पठारावरील त्या शहराने डॅलस आणि ह्यूस्टनसारख्या महानगरांना मान खाली घालायला लावली.

९/
ही मालिका कशी संपली, हेही मोठे बोधक आहे. १९५७ च्या उपांत्य सामन्यात डॅलसच्या हायलंड पार्कशी अबिलीनची २०-२० अशी बरोबरी झाली. त्या काळी जादा वेळेचा नियम नव्हता. बरोबरी झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या वीस यार्डांच्या आत कोण अधिक वेळा शिरले, हे मोजले जाई. त्या हिशेबात हायलंड पार्क पुढे गेले आणि विजेतेही ठरले. अबिलीन हरले नव्हते, तरी बाहेर पडले. श्रेष्ठत्व मैदानावर ठरते तितकेच नियमपुस्तकातही ठरते, ते असे.

१०/
तिसरे माप लहान गावांचे. ब्राउनवुडचे प्रशिक्षक गॉर्डन वुड यांनी १९६० ते १९८१ या काळात त्या गावाला सात विजेतेपदे मिळवून दिली. त्याआधी स्टॅमफर्ड येथे दोन. एकूण नऊ विजेतेपदे आणि ३९६ विजय. चिमुकल्या सेलिना गावच्या शाळेने १९९८ ते २००२ मध्ये सलग ६८ सामने जिंकले. आणि १९८३ चा डेंजरफील्ड संघ! सोळा सामने, सोळा विजय, चौदांमध्ये प्रतिस्पर्धी शून्यावर. पूर्ण हंगामाचे गुण : ६३१ विरुद्ध ८.

११/
आता ओडेसाचे पर्मियन. पर्मियन खोरे म्हणजे अमेरिकेतील तेलाचा मोठा साठा. शाळेचे नावही तेथूनच आले. १९५९ मध्ये सुरू झालेल्या या शाळेने १९६५, १९७२, १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ अशी सहा विजेतेपदे मिळवली. त्यांतील १९८४ चे संयुक्त. 'मोजो' हा त्यांचा जयघोष. तेलाच्या भरभराटीत, १९८२ साली, ओडेसात शालेय सामन्यांसाठी रॅटलिफ स्टेडियम उभे राहिले. खर्च ५६ लाख डॉलर.

१२/
परंतु पर्मियनची कीर्ती निव्वळ विजयांमुळे पसरली नाही. पत्रकार एच. जी. बिसिंजर यांनी १९८८ चा हंगाम ओडेसात राहून पाहिला आणि १९९० मध्ये 'फ्रायडे नाइट लाइट्स' हे पुस्तक लिहिले. २००४ मध्ये त्यावर चित्रपट आला, २००६ पासून दूरचित्रवाणी मालिका. पुस्तक गावाच्या फुटबॉलवेडावर आणि वंशभेदावर कठोर टीका करणारे होते. जगाने मात्र त्यातून मुख्यतः पर्मियनचे नाव लक्षात ठेवले.

१३/
इतिहासाच्या वाचकांसाठी एक सावधगिरी : चित्रपटात पर्मियन अंतिम सामन्यात डॅलसच्या कार्टर हायस्कूलकडून हरताना दिसते. प्रत्यक्षात तो सामना उपांत्य होता आणि निकाल १४-९ असा लागला. कार्टरने पुढे अंतिम सामन्यात कॉन्व्हर्स जडसन शाळेला हरवले. प्रेक्षकांच्या स्मरणात राहते ती पडद्यावरची गोष्ट. नोंदवहीत असते ती वेगळी. आणि या प्रकरणी तर नोंदवहीही पुढे बदलली.

१४/
१९८४ मध्ये टेक्सासने शिक्षणसुधारणेचा कायदा केला होता. उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीने त्याचा पाठपुरावा केला. त्यातील एक कलम 'नापास तर खेळ बंद' असे होते. १९८८ मध्ये कार्टरच्या एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद पेटला. सामने चालू असतानाच प्रकरण न्यायालयात होते. अखेर कार्टरचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि हरलेल्या जडसनला दिले गेले. मैदानावर जिंकलेला संघ यादीत नाही; यादीत असलेला संघ तो सामना हरलेला आहे. मग श्रेष्ठ कोण म्हणायचे?

१५/
१९९० नंतर सत्तेचे केंद्र तेलगावांकडून महानगरांच्या उपनगरांकडे सरकले. डॅलस-फोर्ट वर्थ परिसरातील श्रीमंत साउथलेक गावच्या कॅरल शाळेने २००२ ते २००६ या पाच हंगामांत ७९ सामने जिंकले आणि फक्त एक गमावला. तो एकमेव पराभव २००३ च्या अंतिम सामन्यातला, एका गुणाने, १६-१५. हरवणारी शाळा ह्यूस्टनजवळची केटी. केटीच्या नावावर २०२० पर्यंत नऊ विजेतेपदे जमा झाली. त्यांपैकी १९५९ चे पहिले वगळता बाकी सर्वोच्च गटातील.

१६/
विजेतेपदे मोजायची झाली तर फोर्ट वर्थच्या पश्चिमेकडील अलेडोपुढे कोणी नाही : १९९८ पासून २०२३ पर्यंत बारा. २०१३ च्या हंगामात त्यांनी १,०२३ गुण केले. त्याच वर्षी एका शाळेला त्यांनी ९१-० असे हरवल्यावर प्रतिस्पर्धी संघातील एका पालकाने 'ही दांडगाई आहे' अशी रीतसर तक्रार केली. चौकशीत ती टिकली नाही. तथापि टीकाकार एक गोष्ट नेमकी दाखवतात : त्या बारांपैकी एकही विजेतेपद त्या-त्या वेळच्या सर्वांत मोठ्या शाळांच्या गटातील नाही.

१७/
पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. २०१२ मध्ये डॅलसच्या उत्तरेकडील ॲलन शहराने शाळेसाठी सहा कोटी डॉलरचे, अठरा हजार आसनांचे स्टेडियम बांधले. त्या मैदानाची शाळा २०१२, २०१३, २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे विजेती ठरली. आणि त्याच स्टेडियमला तडे गेल्याने २०१४ मध्ये ते बंद ठेवावे लागले. भरघोस कर देणारे उपनगर आणि ओसरत चाललेले तेलगाव यांना एकाच तराजूत कसे तोलावे?

१८/
आतापर्यंतची बेरीज करू. एकमेव गटाच्या काळातील वेको, अजिंक्य मालिकेचे अबिलीन, लहान गावांचे ब्राउनवुड आणि सेलिना, कीर्तीचे पर्मियन, सर्वोच्च गटातील सातत्याचे केटी, संख्येचे अलेडो. टेक्सासमधील चहाच्या नव्हे तरी कॉफीच्या टेबलावर हीच नावे फिरत असतात. मापे वेगळी म्हणून उत्तरेही वेगळी, इतकेच म्हणून धागा येथे थांबवता आला असता.

१९/
पण थांबता येत नाही. कारण वरच्या यादीच्या पहिल्या जवळजवळ अर्ध्या शतकाला एक अट होती आणि ती आपण अजून उच्चारलेली नाही. यूआयएलच्या नियमांनुसार सदस्यत्व फक्त श्वेतवर्णीयांच्या सरकारी शाळांनाच मिळत असे. हा शब्द १९६५ मध्ये वगळला गेला आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा प्रत्यक्ष स्पर्धेत आल्या त्या १९६७ पासून. म्हणजे वेको, अबिलीन आणि १९६५ चे पर्मियन 'राज्यात' प्रथम आले, तेव्हा राज्याचा एक भाग मोजणीच्या बाहेरच होता.

२०/
तो भाग रिकामा नव्हता. १९२० मध्येच, म्हणजे यूआयएलच्या पहिल्या फुटबॉल विजेतेपदाच्या वर्षीच, कृष्णवर्णीय शाळांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. प्रेअरी व्ह्यू येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून तिचा कारभार चाले. पुढे तिला 'प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलास्टिक लीग', पीव्हीआयएल, असे नाव मिळाले. भरभराटीच्या काळात सुमारे पाचशे शाळा तिच्या छत्राखाली होत्या. खेळ, संगीत, वक्तृत्व सारे काही. फक्त दुसऱ्या दाराने.

२१/
अनेक शहरांत स्टेडियम एकच होते. शुक्रवार आणि शनिवार श्वेतवर्णीय शाळांचे. त्यामुळे कृष्णवर्णीय शाळा बुधवारी आणि गुरुवारी रात्री खेळत. गणवेश आणि शिरस्त्राणे पुष्कळदा गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेली. पत्रकार-संशोधक मायकल हर्ड यांनी २०१७ मध्ये या लीगचा इतिहास लिहिला, त्याचे नावच 'थर्सडे नाइट लाइट्स'. बिसिंजर यांच्या 'शुक्रवार'पुढे ठेवलेला हा 'गुरुवार' बरेच काही सांगून जातो.

२२/
आता येट्सकडे वळू. ही शाळा १९२६ मध्ये ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड या वस्तीत सुरू झाली. जॅक येट्स हे गुलामीत जन्मलेले आणि मुक्तीनंतर धर्मोपदेशक झालेले समाजनेते. शहराच्या दुसऱ्या भागात, फिफ्थ वॉर्डात, फिलिस व्हीटली हायस्कूल. हे नावही गुलामी भोगलेल्या एका कवयित्रीचे. १९२७ पासून १९६६ पर्यंत या दोन शाळांचा सामना दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला होई. त्याला तीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमत. संचलने, राणीची निवड, नवे कपडे. कृष्णवर्णीय ह्यूस्टनचा तो वार्षिक उत्सवच होता.

२३/
आणि खेळाचा दर्जा? व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये पाहा. टेम्पलच्या डनबार शाळेचे जो ग्रीन. लफ्किनच्या डनबार शाळेचे केन ह्यूस्टन. ग्रँड प्रेअरीच्या डाल-वर्थ शाळेचे चार्ली टेलर. ऑस्टिनच्या अँडरसन शाळेचे डिक 'नाइट ट्रेन' लेन, ज्यांनी १९५२ च्या पदार्पणाच्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांचे चौदा पास मध्येच झेलले. तो विक्रम आजही उभा आहे. ही सारी पीव्हीआयएलची मुले. ती ज्या संघांत घडली, ते संघ दुय्यम असतील का?

२४/
ब्यूमाँट या एकाच शहरात हेबर्ट आणि चार्ल्टन-पोलार्ड अशा दोन कृष्णवर्णीय शाळा होत्या. चार्ल्टन-पोलार्डमध्ये वडील विली रे स्मिथ प्रशिक्षक आणि मुलगा बब्बा स्मिथ खेळाडू. टेक्सासमधील मोठ्या विद्यापीठांची दारे तेव्हा बंद, म्हणून बब्बा दूर मिशिगनला गेला आणि १९६७ मध्ये व्यावसायिक संघांनी केलेल्या निवडीत देशात पहिला ठरला. हेबर्टचे जेरी लेव्हियस यांना १९६५ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली. साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये असा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

२५/
एकत्रीकरणाने अन्याय संपला, ही अर्धीच गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले होते. फुटबॉलच्या मैदानापर्यंत तो निकाल पोहोचायला तेरा वर्षे लागली. १९७० मध्ये पीव्हीआयएल विसर्जित झाली. एकत्रीकरणाचा भार बहुधा एकाच बाजूने उचलला : गोऱ्या शाळा राहिल्या, कृष्णवर्णीय शाळा बंद पडल्या किंवा खालच्या वर्गांच्या शाळा झाल्या. ऑस्टिनची अँडरसन १९७१ मध्ये बंद झाली. जे मुख्य प्रशिक्षक होते, त्यांतील अनेकांना नव्या शाळेत साहाय्यक म्हणून उभे राहावे लागले.

२६/
शाळा बंद झाली म्हणजे केवळ इमारत जात नाही. करंडक, छायाचित्रे, गुणपत्रके, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे हे सारे विखुरते. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी त्या गुरुवारच्या सामन्यांना जेमतेम जागा दिली होती. त्यामुळे आज एखादा जिज्ञासू आकडे शोधू लागला, की वेकोच्या १९२७ चा गुण न् गुण सापडतो आणि त्याच काळातील कृष्णवर्णीय संघांचे हंगामच्या हंगाम गायब असतात. 'पुरावा नाही' आणि 'पराक्रम नाही' यांत फरक आहे. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने हा फरक कधी विसरू नये.

२७/
ज्या मोजक्या शाळा टिकल्या, त्यांनी उत्तर मैदानावर दिले. ब्यूमाँटच्या हेबर्टने १९७६ मध्ये यूआयएलचे राज्य विजेतेपद जिंकले. पुढे १९८२ मध्ये तीही दुसऱ्या शाळेत विलीन झाली. येट्स मात्र आपल्या वस्तीत, आपल्या नावानिशी उभी राहिली. १९८५ मध्ये प्रशिक्षक ल्यूथर बुकर यांचा संघ सोळापैकी सोळा सामने जिंकून गेला आणि सोळावा सामना आपण धाग्याच्या आरंभी पाहिला. थर्ड वॉर्डची शाळा ३७, पर्मियन ०.

२८/
त्या निकालाचा अर्थ जपून लावू या. १९८५ च्या एका सामन्यावरून १९३५ किंवा १९५५ मध्ये काय झाले असते, हे सिद्ध होत नाही. अबिलीनचा तो अजिंक्य संघ गावातल्याच कृष्णवर्णीय वुडसन शाळेशी खेळला असता तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. सिद्ध होते ते एवढेच की, हा प्रश्न विचारण्याची संधीच दोन्ही बाजूंच्या मुलांना दिली गेली नाही. श्रेष्ठत्वाचा दावा करणाऱ्या अबिलीनच्या मुलांचेही त्यात नुकसान झाले. त्यांच्या पराक्रमापुढे एक प्रश्नचिन्ह कायमचे राहिले, आणि ते त्यांनी काढलेले नव्हते.

२९/
दक्षिणेकडील रिओ ग्रँड खोऱ्याचेही असेच. मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांची वस्ती असलेल्या त्या भागातून डोना गावच्या शाळेने १९६१ मध्ये राज्य विजेतेपद आणले. पुढे कित्येक दशके ते त्या खोऱ्याचे एकमेव फुटबॉल विजेतेपद राहिले. बारा विजेतेपदांच्या रांगेत एकाची किंमत किती? डोनाच्या माणसाला विचारा, तो एकाच वाक्यात सांगेल.

३०/
मग माझे उत्तर काय? वाद मांडून निकाल टाळणे बरे नव्हे. सर्वोच्च गटात, आधुनिक काळात, सर्वांसाठी खुल्या स्पर्धेत : केटी. कारण तिथे सातत्यही आहे आणि प्रतिस्पर्धीही सर्वांत मोठे आहेत. एकाच हंगामाचा संघ निवडायचा तर १९८५ चे येट्स. १९६७ पूर्वीच्या काळासाठी मात्र मी एकच नाव देणार नाही. तिथे दोन स्तंभ हवेत, शेजारी शेजारी : यूआयएलचे विजेते आणि पीव्हीआयएलचे विजेते. एकाच स्तंभाची यादी करून तिला 'टेक्सासचे सर्वश्रेष्ठ' म्हणणे ही इतिहासदृष्ट्या चूक आहे.

३१/
पुष्कळ वर्षांनी यूआयएलने पीव्हीआयएलच्या विजेत्यांचीही नोंद आपल्या दप्तरी घेतली, हे चांगलेच झाले. तरीही लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावे आहेत. सवयी नोंदवहीपेक्षा हळू बदलतात. वाचकहो, पुढच्या वेळी कोणतीही 'सर्वश्रेष्ठ दहा'ची यादी समोर आली, मग ती खेळाडूंची असो, राजांची असो वा ग्रंथांची, तर पहिले नाव वाचण्याआधी एवढेच पाहा : ही मोजणी कोणी केली, आणि त्या वेळी दाराबाहेर कोण उभे होते?

धागा समाप्त. तुमच्या मते कोणते माप खरे, ते अवश्य लिहा. कारणे द्या म्हणजे झाले.